शेपटीतली थोरली

फार फार पूर्वी, आटत चाललेल्या एका डबक्यात बेडकाचं पिल्लू पोहत होतं. एके सकाळी त्याच्या शेपटीतल्या पेशींना आतून हाक आली, "बायांनो, आता विरून जा. पिल्लाला काठावर जायचंय."

सगळ्या निघाल्या. थोरली मात्र अडून बसली. "शेवाळातून याला आपणच नाचवलं! ते दिवस विसरलात?" पिल्लाच्या तोंडचा घास ओढून ती वाढत गेली, एकीच्या अनेक झाल्या, त्यांची गाठ झाली. त्या ओझ्याने पिल्लू काठावरून पुन्हा पुन्हा घसरू लागलं. खाली चिखल आणि ओंजळभर पाणी उरलं.

"अगं थोरले," विरता विरता धाकटी म्हणाली, "आपण नाचवलं ते त्याच्यासाठीच ना?"

थोरलीने उरलंसुरलं पाणी डोळे भरून पाहिलं, आणि ती गाठीसकट विरू लागली.

पिल्लाने टुणकन उडी मारली. आपल्याला शेपटी होती, हे त्याला आठवलंही नाही.