चौथी चूल

"...मग नवस खाण्याचा आहे की पुरण्याचा, तेवढंच सांगा!"

कालिंदीचा आवाज दर्ग्याच्या ओट्यावर घुमला. समोर मस्तानबाबा कांदा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

शेजारी तिचे वडील, रावसाहेब, मान खाली घालून बसलेले. पोरगी परदेशातून शिकून आली म्हणून गावभर पेढे वाटले होते. तेच शिक्षण आता त्यांच्या ताटावर येऊन बसलं होतं.

चिंचेखाली तीन बोकड बांधले होते. रावसाहेब धरून भाऊ तीन, चुली तीन, म्हणून कंदुऱ्याही, नवसाची बोकडाची जेवणंही, तीन. कंदुरीचं मटण दर्ग्याच्या हद्दीबाहेर न्यायचं नाही, ही इथली रीत. गेल्या वर्षी उरलं ते खड्डा खणून पुरलं. खड्ड्यावर माती ओढली जाताना कालिंदीनं पाहिलं होतं.

"माळावर गवताची काडी नाही, बाबा. माणसांना टँकर, जनावरांना टँकर. आणि आमच्या घरात एक दिवसाआड मटणाचा रस्सा! मी लहान होते तेव्हा सणाला व्हायचा. बंद करा म्हणत नाही. कमी करा म्हणते. आज तिघांत मिळून एक बोकड. हे आमचे आप्पा म्हणतात, बाबा बोलले तर ऐकू. बोला."

"नवस कुणाचा, रावसाहेब?"

"आज्याचा."

"त्यानं किती बोकड बोलले होते?"

"एकच. पण तेव्हा चूल एक होती..." रावसाहेब एकदम उसळले. "आणि हिला विचारा की! महिना झाला, वेगळी शेगडी मांडून बसलीय. आईच्या हातचं वरणसुद्धा चालत नाही बाईसाहेबांना."

"नाही चालत! तुम्ही हात आखडता घेईपर्यंत नाही चालणार."

ओट्याच्या कडेला तिची गॅसची शेगडी पेटलेली होती. वर मुगाची खिचडी रटरटत होती. इथंही ती आपलं आपण घेऊन आली होती.

बाबा उठले. "आधी जेवा."

त्यांनी एक थाळा मधोमध ठेवला. सकाळी कुणाची तरी कंदुरी झाली होती, त्यातला त्यांचा वाटा. कुस्करलेली भाकरी, वर रस्सा, आणि मगजाची एकच नळी. बाबांकडे वेगळं ताट नसे. जो येई तो थाळ्याला बसे.

"मी खाणार नाही."

"खाऊ नकोस. बस."

त्यांनी तिच्या हातावर कोरडी भाकरी आणि कांदा ठेवला. ती बसली, पण पाठ ताठ ठेवून.

रावसाहेबांनी दोन घास घेतले. मग सवयीनं नळी बोटानं तिच्याकडे सरकवली. ती दातांनी चावायला लागली तेव्हापासून घरातली नळी तिची असायची.

"नको म्हटलं ना, आप्पा." तिनं ती परत ढकलली.

"मग मला एकट्याला कशाला?" त्यांनी ती बाबांच्या पुढ्यात लोटली.

"मला कुठं दात?" बाबांनी ती पुन्हा मध्ये ठेवली.

थाळा संपला. नळी तशीच राहिली.

"कुणीच खाईना की," बाबा म्हणाले.

रावसाहेबांना मिशीतल्या मिशीत हसू आलं. मग ते गंभीर झाले. "माझं सोडा, बाबा. थोरले अण्णा नाही ऐकायचे. तीन चुली म्हणजे तीन बोकड."

"तीन?"

बाबा शेगडीकडे पाहत होते.

...

"ती मोजायची नाही," कालिंदी म्हणाली. "तिच्यावर मटण शिजत नाही."

"चूल तर आहे."

"आधी त्यांनी आपापली विझवावी. मग मी."

"तेही हेच म्हणतात, बेटी."

कालिंदीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

ती ताडकन उठली. खटकन शेगडी बंद केली आणि खिचडीचं पातेलं वडिलांपुढे आदळलं.

"ही घ्या. चौथी चूल गेली. आता तुमची बोला!"

रावसाहेब पातेल्याकडे बघत राहिले. खिचडी अजून खालवर होत होती...

मग ते चिंचेकडे गेले आणि आपल्या बोकडाचं दावं सोडलं. बोकड हलला नाही. मोकळं झाल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

"राहिले दोन," कालिंदी म्हणाली. आवाज जराही उतरला नव्हता. "अण्णांना तुम्ही सांगा, बाबा. मी त्यांना भीत नाही. पण माझा शब्द ते ऐकून घेणार नाहीत."

पलीकडे थोरले चुलते, अण्णा, आपल्या चुलीत लाकडं सारत होते. इकडे पाठ करून.

बाबांनी थाळ्यातली नळी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"शब्द राहू दे. गार व्हायच्या आत ही अण्णांना देऊन ये."