गुळव्याचा खोकला

जिथे ऊस माणसाच्या डोक्यावरून वाढतो, अशा एका गावात एक गुळव्या होता. सगळे त्याला तात्या म्हणायचे. त्याच्या हातचा गूळ पिवळाधमक, वर्षभर टिकणारा. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला रस किती आटवायचा, ती नेमकी वेळ त्याला एकट्यालाच कळायची. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून तो त्याची गोळी करायचा, ती ताटलीत टाकायचा आणि आवाज ऐकायचा. मग ओरडायचा, "उतरवा!"

खाली चुलवाणात जाळासाठी उसाचं वाळलेलं चिपाड घालायला एक बाई होती. एकदा ती सहज म्हणाली, "तात्या, फेस बारीक झाला. पाक झालाच बघा."

तात्याने गोळी टाकली. खरंच झाला होता!

गुऱ्हाळाचा मालक हसून म्हणाला, "हिची नजर तर तुमच्यापेक्षा तेज आहे की! आता गोळीचंही शिकवून टाका हिला."

"शिकवतो की," तात्या म्हणाला. पण त्याच्या पोटात दुखायला लागलं. एवढी वर्षं धुरात डोळे मी जाळले, आणि ही कालची बाई माझ्या जागेवर बसणार?

त्या दिवसापासून गोळी टाकताना तो ताटली स्वतःच्या कानाशी धरायचा आणि मुद्दाम मोठ्याने खोकायचा. बाकीच्यांना ऐकू यायचा तो नुसता खोकला.

बाई बिचारी म्हणायची, "तात्या, अडुळशाचा काढा आणू का?"

"तू तुझा जाळ बघ!"

अशी वर्षं गेली. तात्याचे कान हळूहळू बसले. देवळातली घंटा ऐकू येईना, तरी तो कोणाला बोलला नाही; बाई फेस बघून सांगायची, त्यावरच भागवायचा. मालकाने विचारलं, "शिकली का हो ती?"

तात्याला वाटलं, सांगून टाकावं. पण वर काहिलीशेजारच्या ओट्यावर ती बसलीय आणि आपण खाली, हे डोळ्यांपुढे आलं. तो म्हणाला, "अजून कच्ची आहे."

मग देवीची जत्रा आली. नैवेद्याच्या गुळासाठी घरटी दोन-दोन ऊस आले. साऱ्या गावाची मिळून एकच काहील. ऊस दहा शेतांतला, म्हणून फेस नेहमीसारखा येईना. बाईलाही नजरेने काही सांगता येईना.

तात्याने गोळी टाकली. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा टाकली. तरी काहीच नाही.

"बाई, ये गं इकडे लवकर! वाजली का?"

"वाजली की."

"मग तोच आवाज ना? पाक झाल्याचा?"

बाई म्हणाली, "तात्या, तो कसा असतो ते मला काय ठाऊक? तुम्ही तर खोकत होता."

तेवढ्यात करपल्याचा वास सुटला.

त्या वर्षी देवीपुढे काळा, कडू गूळ ठेवावा लागला. प्रसाद तोंडात घालून लेकरांनी तोंडं वाकडी केली. तात्या खाली मान घालून बसला होता. त्या वेळी त्याला खोकला आला नाही.

तात्पर्य: आपल्याला येतं ते आपले कान-डोळे चालताहेत तोवरच दुसऱ्याला द्यावं; जळून लपवून ठेवलं, तर गरजेच्या वेळी ते आपल्यालाही सापडत नाही.