रश्श्याचा कर्ता

शिरसगावच्या चर्चमध्ये दीनाबाई पाटोळे अकरा वर्षं रविवारची शाळा चालवत होत्या. एकदा तपासणीला रेव्हरंड हिवाळे आले. त्यांच्या विद्वत्तेचा मोठा दरारा होता. त्यांनी विचारलं, "तुम्ही वर्गात शिकवता ते बायबलमधलं निनावी पत्र कुणी लिहिलं?"

"नक्की ठाऊक नाही, साहेब. पत्रात नावच नाही," दीनाबाई म्हणाल्या.

"प्रेषित पौलानं, बाई. इतकं चांगलं दुसरं कोण लिहिणार? लेखक ठाऊक नसेल त्यानं ते पत्र शिकवू नये. पुढच्या रविवारपासून वर्ग दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

दुपारी चर्चमध्ये प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्या मंडळींची एकत्र पंगत होती. घरटी एक भांडं यायचं, पण कुणी काय आणलं हे विचारायचं नाही, अशी तिथली रीत होती. गरिबाला संकोच वाटू नये, एवढाच हेतू. हिवाळेसाहेबांनी मटणाचा रस्सा तीनदा मागून घेतला.

चौथ्यांदा वाढताना दीनाबाईंनी विचारलं, "कुणाच्या हातचा असेल, साहेब?"

"पाळकबाईंच्या. इतका चांगला दुसरं कोण करणार?"

भाकरी वाढणाऱ्या पाळकबाई, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी, थबकल्या. "मी नुसते पापड भाजून आणलेत, साहेब."

पंगत हसू लागली. साहेब चपापले. "मग कुणी केला?"

"ठाऊक नाही," दीनाबाई शांतपणे म्हणाल्या. "नाव कळेपर्यंत वाटी उचलून ठेवू का?"

साहेबांनी वाटी स्वतःकडे ओढली.

"राहू द्या," ते म्हणाले. "आणि बाई, वर्गही तुमच्याकडेच राहू द्या."