अर्धी ओळ

अच्युतगिरी महाराज त्या वर्षी खाडीकाठच्या खाजणवाडीत राममंदिराच्या ओवरीत उतरले होते. उजाडले की ते स्वतः ओवरी झाडत, तुळशीला पाणी घालत आणि मग पायरीवर बसत. त्याच वेळी समोरच्या घरात त्रिंबकभट स्नान आटोपून आपल्या सात वर्षांच्या मुलाला, नरहरीला, वेदाची संथा देत. चुलीवर पेज रटरटत असे आणि पाटाशेजारी वेताची छडी आडवी ठेवलेली असे. नरहरी अडखळला की ती उचलली जाई. मग अडखळणे वाढे, आणि मारही.

संथा संपली की नरहरी देवळात पळे. महाराज त्याला काहीच शिकवीत नसत. ते अर्धी ओळ म्हणत, "अंधाऱ्या वाटेला सोबती कोण?" आणि थांबत. मुलाचे ओठ थरथरत, शब्द घशात अडके. महाराज तुळशीकडे पाहत स्वस्थ बसत, जणू त्यांना दिवसभरात दुसरे कामच नाही. शेवटी बारीक आवाज येई, "रा... राम सोबती, आणिक कोण?"

"वा! तू होतास म्हणून ओळ पुरी झाली, बाळा," महाराज म्हणत.

एके सकाळी त्रिंबकभट चारचौघांत म्हणाले, "महाराज, अर्धी ओळ आपली, अर्धी या तोतऱ्याची! अशाने हा वैदिक व्हायचा की वासुदेव?"

लोक हसले. नरहरीने मान खाली घातली.

"भटजी," महाराज म्हणाले, "केळीचा कोंब रोज उपटून पाहिला, तर त्याने मुळे धरायची कधी?"

अमावास्येच्या दिवशी नरहरी एकाच चरणावर पुन्हा पुन्हा अडकला. "अहो, पुरे हो आता!" त्याची आई सगुणाबाई चुलीपासून कळवळून म्हणाल्या. छडी थांबली नाही. दुपारी पाने वाढली, तेव्हा मूल घरात नव्हते. मागीलदारापासून चिखलात लहान पावले उमटली होती आणि ती भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाजणातल्या तिवरांच्या दाट बनात शिरली होती. उधाणाची भरती चढत होती. आदल्याच वर्षी त्या बनात एक पोहणारा, धडधाकट कोळी बुडाला होता.

"नरहरीऽ! कुठे दडलास, कार्ट्या? बोल!" त्रिंबकभट गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडत होते. उत्तर नव्हते. पाणी मांड्यांशी आले तसा त्यांचा आवाज आणखी चढला. तोच त्यांच्या खांद्यावर महाराजांचा हात पडला.

"भटजी, तुमची हाक त्याला ऐकू जाते आहे. म्हणूनच तो बोलत नाही."

आपला आवाज कसा आहे, हे त्यांच्या कानांना त्या घडीला प्रथम कळले.

महाराजांनी हात जोडले आणि शांतपणे म्हटले, "अंधाऱ्या वाटेला सोबती कोण?" मग ते थांबले.

पाणी कमरेला लागले. "पुन्हा म्हणा ना, महाराज! बुडेल हो तो!"

"आता त्याची पाळी आहे," महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

कुठेतरी आतून क्षीण आवाज आला. "रा... रा..." पुढचा शब्द त्रिंबकभटांच्या जिभेवर आला होता. त्यांनी ओठ दातांखाली दाबून धरला.

"...राम सोबती, आणिक कोण?"

दोघे आवाजाच्या रोखाने गेले. नरहरी एका तिवराला मिठी मारून उभा होता. आणि रामरायाची करुणा काय वर्णावी! या दोघांच्या छातीला भिडलेले पाणी त्या झाडाभोवती मुलाच्या घोट्यांपाशी थबकले होते! महाराजांनी त्याला उचलून घेतले, आणि मागे ती जागा पाण्याने भरून गेली.

त्रिंबकभटांनी हात पुढे केला. नरहरीने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले.

काठावर येताच त्रिंबकभट चिखलातच महाराजांच्या पायांवर पडले. "महाराज, मी आपला अपराधी आहे!"

"माझा नव्हे," महाराज म्हणाले.

दुसऱ्या सकाळी बंबात लाकडांबरोबर वेताची छडी जळाली. नरहरी खांदे आक्रसून पाटावर बसला. त्रिंबकभटांनी अर्धा चरण म्हटला आणि ते थांबले.

पेज उतू जायला आली. सगुणाबाईंनी आवाज होऊ न देता झाकण काढले. समोर देवळाच्या पायरीवर ऊन आले.

मूल अजून बोलले नव्हते. त्रिंबकभट थांबून राहिले.