हौसाआत्याची पोटनिवडणूक आणि सटवाचा टेम्पो

एका गावात सटवा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं सगळं करायचा, फक्त या वेळचं पुढच्या वेळी.

त्याची हौसाआत्या ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभी होती. याआधी दोनदा पडलेली.

"सटवा, आता पडले तर गावात तोंड दाखवायची सोय नाही बघ. लोक निवडणुकीला कंटाळलेत. हलगी घे, दारोदार जा, त्यांच्या अंगात उत्साह आण."

सटवा गेला. पहिल्याच घरात बाळ दोन तास रडून नुकतं झोपलं होतं. त्यानं पाळण्यापाशी हलगी बडवली. उत्साह आला, पण बाळाला. बाळाच्या आईनं लाटणं घेऊन सटवाला वेशीपर्यंत पळवलं.

"अरे मेल्या," आत्या म्हणाली, "अशा ठिकाणी पाय न वाजवता जावं, कानात हळूच सांगावं, मागच्या दारानं निघावं!"

"बरं आत्या."

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक. बॅनरवर वरच्या आळीच्या रंगरावांचा फोटो मोठा की खालच्या आळीच्या दत्तोबांचा, यावरून आत्याच्या पॅनलमध्ये फूट पडलेली. दोघं एकदाचे हात मिळवायला उठले. तेवढ्यात सटवा चवड्यांवर आला, रंगरावांच्या कानाला लागला आणि मागच्या दारानं पसार.

"काय म्हणाला?" दत्तोबांनी विचारलं.

"आत्याला मत द्या म्हणाला."

"एवढंच? ते कानात? आम्ही काय खुळे आहोत?"

दत्तोबा भर उन्हात तडक निघाले. मागोमाग त्यांची अख्खी आळी.

आत्यानं कपाळ बडवून घेतलं. "अरे, उन्हात डोकी तापतात! उन्हातलं माणूस तुझ्या टेम्पोत घालावं, घरी पोचवावं, गार पाणी पाजावं. आणि येताना टेम्पो रिकामा आणू नये, डिझेल काय फुकट येतं? कुणी घरात रुसून बसलं असेल तर त्याला घेऊन यावं!"

"बरं आत्या."

मग आत्या स्वतः दत्तोबांच्या पाया पडली. दोन्ही फोटो पट्टीनं मोजून सारखे केले. भांडण मिटलं.

मतदानाला दोन्ही आळ्या सकाळीच शाळेपुढे रांगेत! समोरच्या पार्टीत मात्र रुसवेफुगवे, त्यांचं एक माणूस फिरकलं नव्हतं. "जिंकले गं बाई!" म्हणत आत्या डोंगरावर देवीला नारळ फोडायला गेली.

परत आली तेव्हा मतदान संपायला पाच मिनिटं होती.

"सटवा, आपली माणसं कुठायत रे?"

"घरी. रांग हलेना, मत न देताच उन्हात उभी होती. तुझा निरोप सांगितला, मुकाट बसली टेम्पोत. पाणी पिऊन झोपलीत सगळी."

"मग ही एवढी रांग कुणाची?"

"समोरच्या पार्टीची. बिचारे घरात रुसून बसले होते. टेम्पो रिकामा कसा आणू, आत्या? अकरा खेपा केल्या. एकालाही मागं ठेवलं नाही!"