रिकामी ओंजळ

एका राज्यात मणिधर नावाचा राजा होता. त्याच्या हातात सदा वेताची काठी, काठीला चांदीचे घुंगरू. घुंगरू वाजले की दरबार गप्प. चुकलं त्याला काठी. आणि बरोबर केलं त्याला? त्याला काही नाही. अशी त्या घरची रीत.

एकदा एका मांत्रिकाचं भाकीत चुकलं. राजानं त्याला भर दरबारात झोडलं. मांत्रिकानं ओठाचं रक्त पुसलं आणि म्हणाला, "तुझी लेक मैना होईल. आपण होऊन तुला बाबा म्हणेल, तेव्हा माणूस होईल." तिकडं झोपाळ्यावर राजाची लेक केतकी बसली होती, आठ वर्षांची, बिनआईची. झोका मागं गेला तेव्हा पोर होती, पुढं आला तेव्हा मैना.

राजानं पिंजरा पुढ्यात घेतला. म्हण बाबा, म्हण बाबा. मैना म्हणेना. पहिल्या दिवशी त्यानं दाणा बंद केला. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यावर काळं कापड टाकलं. तिसऱ्या दिवशी काठी उचलली. काठी बसली तशी मैना किंचाळली, "बाबा." पण पाखराचं पाखरूच राहिलं. डावा पंख तेवढा लोंबला. पुढं घुंगरू वाजले की ती कोपऱ्यात जाऊन चोच लपवायची.

राजा रानात गेला. तिथं पाखरांना बोलतं करणारी भिवरा म्हातारी राहायची. तिनं सगळं ऐकलं.

"काठीनं तू तिला एकच शिकवलंस, राजा. बाप आला की लपायचं."

मग तिनं तीन कामं सांगितली. काठी चुलीत घाल. पिंजऱ्याचं दार उघडं ठेव आणि मैनेपुढं अनवाणी जा. तिनं नुसती मान वळवली तरी दाणा दे, नाही वळवली तर रागावू नको.

"किती दिवस?"

"छळलंस किती दिवस?"

"तीन."

"मग तीन वर्षं धर."

काठी जळाली. घुंगरू जळेनात, ते राजानं विहिरीत टाकले आणि ओंजळीत राळ्याचे दाणे घेऊन पिंजऱ्यापुढं बसला. वर्षभरानं मैनेनं मान वळवली. दुसऱ्या वर्षी शीळ घातली. तेव्हा भिवरेचा निरोप आला, आता दर वेळी देऊ नको, पोट भरलं की पाखरू थांबतं. कधी दुसऱ्या शिळेला दे, कधी सातव्या, तिला अंदाज लागू देऊ नको. मग मैना थांबेना. ये म्हणायची, बस म्हणायची. तो एक शब्द तेवढा म्हणेना.

तिसरं वर्ष सरत आलं. एका दुपारी राळे संपले, तरी राजा ओंजळ धरून तसाच बसला. मैना लोंबता पंख ओढत बाहेर आली, ओंजळीत चढली. दाणा नव्हता. तिनं वर पाहिलं.

"बाबा."

आणि मैनेच्या जागी अकरा वर्षांची पोर मांडीवर बसलेली. डावा हात लुळा.

राज्यात आनंद झाला. दरबारात आता बरोबर करणाऱ्याचं नाव घेऊन कौतुक व्हायचं. मांत्रिकाची राजानं पाय धरून माफी मागितली.

पण त्याच दुपारी, लेकीच्या केसांवरून फिरवायला राजानं हात उचलला, तशी केतकीनं उजवा हात डोक्यावर धरला आणि डोळे मिटले.

राजानं हात खाली घेतला. रिकामी ओंजळ तिच्यापुढं धरली आणि पुन्हा वाट बघत बसला.