येतोची खांड

"ही कसली विचारतेय? हिच्या तोंडून 'भाजी वाढू का' याच्यापुढं शब्द निघत नाही. बंधाऱ्यावर तूच विचार गं."

सासूबाई मोठ्या जावेला सांगत होत्या आणि शिवकन्या दाराआड खरोखरच भाजीचं पातेलं धरून उभी होती. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. काय विचारायचं, कुणाला, तिला ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं, की तिचा नवरा संदीपान आमदारकीच्या तिकिटासाठी मुंबईला निघालाय आणि त्याला न्यायला तालुक्याची पुढारी मंडळी आली आहेत.

उंबरदऱ्याच्या ओढ्यावर मातीचा लांबलचक बंधारा आहे. दोन्ही काठांकडून तो नेटानं येतो आणि ऐन मध्यावर तुटतो. त्या तुटक्या जागेला 'येतोची खांड' म्हणतात. सगळं गाव पोचवायला तिथवर आलं. नाव ऐकून पाहुण्यांना हसू आलं, तेव्हा गावातले म्हातारे लिंबाजीआबा बंधाऱ्याच्या पाळीवर टेकले आणि सांगू लागले.

ही पाळ गेनदेव खाड्यांनी घातली असं सांगतात. सरपंच असताना स्वतः डोक्यावर पाट्या वाहिल्या. माणूस राबणारा, म्हणून पुढं पंचायत समितीचा सभापती झाला. दोन्ही बाजू भरत आल्या, पण मधल्या धारेला माती टिकेना. तिथं जादा पाणी सोडायला दगडी सांडवा हवा, त्याला सरकारी मंजुरी हवी. मग गावानंच त्यांना आमदार केलं. मुंबईला निघताना ते इथंच उभे राहिले, पाळीकडं बघितलं आणि म्हणाले, "येतो."

निघणाऱ्याला मागून काही विचारू नये, हा आपला रिवाज. त्यांची बायको गवळणबाई. शब्द तिच्या ओठावर आला होता म्हणे, पण तिनं पदर तोंडाला लावला.

माणूस वाईट नव्हता, असं आबांनी मुद्दाम सांगितलं. विधानसभेत बोलायला उभे राहिले की भल्याभल्यांना उत्तर सुचत नसे. इतर गावांना रस्ते मिळाले, दवाखाने मिळाले. इथलं कुणी मुंबईला गेलं, तर आमदार निवासात जेवल्याशिवाय सोडत नसत आणि पाठवताना निरोप देत, येतो म्हणावं. गावही सांडव्याचं नाव काढत नसे. घरच्या माणसाला काय आठवण करायची?

गवळणबाई संध्याकाळी पाळीच्या टोकाला येऊन बसायची. मग एका पावसाळ्यात ओढा फुगला. सगळं पाणी या खांडीतून खालच्या वस्तीवर निघालं. ती खांडीत उतरली आणि पदर पसरून उभी राहिली. शेवटचं लेकरू वर येईतो पाणी तिच्या पदराशी थटून होतं म्हणे. मग गेलं, तिला घेऊन.

आमदार आले. पाळीवर बसून विचारते झाले, "अरे, मला कुणी एकानं तरी 'कधी' म्हणून का नाही विचारलं?" पुन्हा ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. खांड बुजवायला आलेल्यांनाही त्यांनी माघारी धाडलं, म्हणाले, राहू दे, दिसू दे.

आजही खांड तशीच आहे. आजही उंबरदऱ्यातून मोठ्या कामाला निघणारा इथं उभा राहून 'येतो' म्हणतो आणि त्याची बायको चारचौघांत विचारते, कधी?

"पण शुभकामाला निघताना असं अडवणं," एक पाहुणे घड्याळ बघत म्हणाले, "बरं दिसत नाही. नवी सूनबाई आहे, तिला कशाला भरीला घालता?"

संदीपाननं घाईनंच चपला झटकल्या. आईच्या पाया पडला. त्याची नजर गाडीकडं होती. शिवकन्येला ती नजर ओळखू आली नाही. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच दिसत होती.

"येतो," तो म्हणाला.

सासूबाईंनी मोठीला कोपरानं ढोसलं. मोठी पुढं सरली, पण त्याआधीच शिवकन्या खांडीच्या कडेला गेली.

"कधी?"

पाहुणे चुळबुळले. संदीपान हसला, लोकांकडं बघत म्हणाला, "अगं, तिकिटाचं जमलं की आलोच."

"ते नाही," ती म्हणाली. "वार सांगा."